कोंडीरामची हाळी

चाकणच्या पुढे गोदामांच्या लांबच लांब भिंती जिथे संपतात, तिथे टेमगिरे वस्ती आहे. दहा घरं, सगळी टेमगिरेच. एमआयडीसीनं घ्यायची ती जमीन घेतली, उरली ती घरटी अर्धा-पाऊण एकर. तेवढ्यात कांदा होतो, बाकी पोटापाण्याचं कंपनी बघते. वस्तीतला कुणी गाड्यांचे दरवाजे बसवतो, कुणी आरसे पॅक करतो, कुणाची सून कँटीनला भाजी चिरते. एवढं असूनही मार्गशीर्ष लागला की ही माणसं सुट्टीच्या दिवशी चिखलात उकिडवी बसून एकमेकांचे कांदे लावतात. यामागे पिढ्यांची रीत आहे हे खरंच. पण ती रीत अजून टिकली ती कोंडीराम टेमगिरे नावाच्या एका हट्टी माणसामुळे, असं निदान कोंडीरामचं तरी मत होतं.

कोंडीराम त्रेसष्ट वर्षांचा. भोसरीच्या एका वर्कशॉपात तीस वर्षं लेथ चालवून रिटायर झालेला. अंगानं काटकुळा, आवाज मात्र दोन माणसांना पुरेल एवढा. आवाज त्याला बापाकडून मिळाला आणि इर्जिकीची हाळी देण्याचं कामही बापाकडूनच. इर्जिक म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीनं राबायचं. मजुरी नाही, वहीत टिपून ठेवणं नाही. घरटी दोन माणसं यायची, आणि ज्याचं रान त्यानं दुपारचं जेवण घालायचं. बापाच्या काळी आदल्या दिवशी टेकाडावरून हाळी दिली की दहाही घरांना ऐकू जायची. आता मध्ये कारखान्यांची घरघर असते, म्हणून कोंडीराम दारोदार जातो आणि उभ्या उभ्या सांगतो, "उद्या हिंदुरावाकडं." हे मोबाइलवर टाकलं तर चालणार नाही का, असं त्याच्या मुलानं, अजिंक्यनं, एकदा विचारलं होतं. त्याला मिळालेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

कांद्याची लागण गुरुवारीच होते, कारण गुरुवारी या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी. एका गुरुवारी दोन रानं, सकाळी एक, दुपारी एक. नऊ रानांना पाच गुरुवार लागतात, आणि पाचव्या गुरुवारी एकट्या कोंडीरामचं रान राहतं. हाळी देणाऱ्याचं रान शेवटी, ही जुनी रीत. नाहीतर तो आपलं उरकून घेऊन मग आजारी पडेल, असं त्याचा बाप म्हणायचा, आणि बापाला माणसं कळत होती.

घरं दहा आणि रानं नऊ का, तर बबनरावामुळे.

इर्जिकीचे नियम दोन. बोलावलं की यायचं, आणि स्वतः यायचं. दुसऱ्या नियमापायी कोंडीरामनं आपला चुलतभाऊ तोडला. एकोणीस वर्षांपूर्वी जमिनी गेल्या तेव्हा बबनरावानं भोसरीत सिमेंट-पत्र्याचं दुकान टाकलं. त्या साली हिंदुरावाच्या लागणीला तो गेलाच नाही. नाक्यावरून चार मजूर पाठवून दिले. चौघांनी काम फर्मास केलं; हिंदुरावाची बायको शालनबाई तर म्हणाली, असे वाफे आपल्यालाही जमत नाहीत. कोंडीराम मात्र संध्याकाळी बबनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चार आले. तू न्हाई आलास. तुझी इर्जिक बंद."

"दोघांच्या जागी चौघं दिले की, राव!"

"मजूर कांदा लावतो, बबन. उद्या माझं घर पेटलं, तर तो नाक्यावरच असतो."

ते शेवटचं बोलणं. बबनरावाचं घर आणि रान गोदामाच्या भिंतीपलीकडे. कोंडीरामनं त्यानंतर तो रस्ताच सोडला. डेअरीला जायला त्याला अर्धा किलोमीटरचा वळसा पडतो, आणि तो वळसा तो एकोणीस वर्षं रोज घालतो आहे. बबन दुकानात आणि त्याची बायको अंबुबाई रानात, तर त्यांचा कांदा कोण लावत असेल, हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नाही असं नाही. आणत असतील मजूर, म्हणून तो गप्प बसे. वस्तीनं आपला निर्णय एकमुखानं पाळला याचा त्याला अभिमान होता. पाहुणा आला की तो हे सांगत असे, आणि पाहुणा मान डोलवत असे.

यंदा कार्तिकात कोंडीराम पाटाच्या कडेवरून घसरला आणि गुडघ्याचा स्नायू फाटला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि दोन महिने उकिडवं बसायचं नाव काढू नका म्हणून बजावलं. त्यात बायको, शकू, तळेगाव दाभाड्याला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरातली दोन्ही माणसं एकदम कमी झाली. राहिला अजिंक्य. त्याच्या कंपनीनं नेमकी याच साली सुट्टी गुरुवारवरून रविवारवर नेलेली.

"आपल्या घरचं कसं करायचं?" कोंडीरामनं विचारलं.

"तुम्ही काळजी करू नका, बाबा. आपले दोन हात प्रत्येक रानात जातील," अजिंक्य म्हणाला.

पोरगा रजा टाकून जाणार आणि सोबत एखादा मित्र नेणार, असा कोंडीरामनं अर्थ घेतला. त्याचा ऊर भरून आला. हाळी मात्र त्यानं सोडली नाही. दर बुधवारी संध्याकाळी काठी टेकत, दर दोन घरांनी थांबत, तो आठ दारं करायचा, आणि घरी येऊन पाय उशीवर ठेवून कण्हायचा.

याच दिवसांत तेजस्विनी वस्तीवर येऊ लागली. पुण्याची, तिशीच्या आतली, स्कूटीवरून यायची. माणसं एकमेकांशी नीट का वागतात, यावर ती पीएचडी करत होती.

"ह्याला कालेज लागतं व्हय?" कोंडीरामनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"लागतं, काका. कारण ते इतकं सोपं नाही."

बाकी वस्ती शिफ्टमध्ये गुंतलेली, आणि कोंडीराम पाय लांब करून दिवसभर ओट्यावर मोकळा. तिला एवढा सोयीचा माणूस दुसरा कुठला मिळणार! ती वही काढून बसायची, आणि विचारण्यापेक्षा सांगायचीच जास्त. तिचं सांगणं कोंडीरामला आवडायला लागलं, कारण त्यात सारखा त्याचाच विजय होत असे.

"चिंपांझी आपले जवळचे नातलग. तेही एकमेकांना मदत करतात," ती म्हणाली. "पण आपल्या टोळीपुरती, आणि तीही बेतानं. अजिंक्यच्या लाइनवर बघा. एक बिहारचा, एक बीडचा, एक कोकणातला. भाषा वेगळी, देव वेगळे. तरी मिळून एक गाडी बाहेर काढतात. चिंपांझींना हे जमलं नसतं."

"आमच्या पोरान्लाबी सुपरवायझर लागतो."

"लागतोच! पण सुपरवायझर यायच्या आधी लाखो वर्षं माणूस लहान टोळ्यांत राहत होता. मोठं जनावर एकट्याला मारता येत नाही. मारलं तर एकट्याला खाऊन संपत नाही. आणि उद्या रिकाम्या हातानं परतायची पाळी आपल्यावरही येऊ शकते. म्हणून मिळून मारायचं आणि वाटून खायचं. पण वाटून खायचं ठरलं की एक जण हमखास निघतो, शिकारीला कंबर धरून बसणारा आणि जेवायला पुढे."

"हानायचा त्याला."

"हाणणं सगळ्यात शेवटी. आधी पाठीमागं बोलायचं. मग तोंडावर टिंगल. मग अबोला. तरी नाही सुधारला तर वाट्यातून वगळायचं, आणि त्या काळात एकटा पडलेला माणूस फार दिवस जगत नसे. ज्यांना लोकांच्या नजरेची चाड होती, त्यांचा टिकाव लागला, त्यांची मुलं जगली. आपण त्यांच्या वंशातले. असं आता बरेच अभ्यासक मानतात. कुणी आपला वाटा उचलला नाही की आपल्या अंगाचा तिळपापड होतो ना? तो आजचा नाही, फार जुना आहे."

"म्हंजी माझा राग माझा न्हाईच?"

"रागावायची खोड सगळ्या माणसांची. कशावर रागवायचं, ते तुमच्या वस्तीनं शिकवलेलं. कुठं मांस वाटायचा नियम असतो, कुठं पाण्याची पाळी, तुमच्याकडं इर्जिक."

कोंडीरामनं हे शकूला फोनवर सांगितलं. तू मला आयुष्यभर तापट म्हणालीस, पण ही माझी खोड लाखो वर्षांची निघाली. शकू म्हणाली, औषध घेतलं का ते सांगा आधी.

मग तेजस्विनीनं खेळ मांडला. चौथ्या गुरुवारच्या अलीकडे, मंगळवारी, देवळापुढच्या मांडवात. घरटी एक माणूस. बबनरावाचं घर अर्थातच सोडून. प्रत्येकाला नंबर दिला, कुणाचा कुठला ते तिलाच ठाऊक. प्रत्येकाला दहा चिंचोके. पडद्याआड जायचं आणि हवे तेवढे चिंचोके मडक्यात टाकायचे. मडक्यात जमतील त्यांच्या दुप्पट ती करणार आणि नऊ जणांत सारखे वाटणार. ज्यानं काहीच टाकलं नाही त्यालाही तेवढाच वाटा. शेवटी चिंचोके देऊन साबण, चहापत्ती, काडेपेट्या न्यायच्या.

"ही तर इर्जिक झाली की!" शालनबाई पहिल्याच फेरीत म्हणाली, आणि तेजस्विनीनं ते वाक्य घाईघाईनं लिहून घेतलं.

दुसऱ्या फेरीत नवा नियम आला. कुठल्या नंबरानं किती टाकले ते ती मोठ्यानं वाचणार. ज्याला राग येईल त्यानं आपला एक चिंचोका जाळायचा, म्हणजे त्या नंबराचे तीन कापले जातील. ती वाचू लागली. सात, नऊ, आठ, दहा... आणि पाच नंबर, शून्य. मांडवात खसखस पिकली. कोंडीरामचा तिळपापड झाला. पडद्याआड जाऊन त्यानं चिंचोका जाळला. तिसऱ्या फेरीत पाच नंबरानं पुन्हा शून्य टाकलं, कोंडीरामनं पुन्हा जाळला. असे सहा चिंचोके त्यानं घालवले. बाकीचे दोन-दोन साबण घेऊन घरी गेले, कोंडीराम एक काडेपेटी घेऊन. पण त्याला समाधान होतं.

चौथा गुरुवार झाला. शनिवारी शालनबाई पातेलंभर आमटी घेऊन पाय बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काई म्हना भावजी, तुमची ती दोन पोरं लई गुनाची. बिहारची हाईत न्हवं? न बोलता लावत ऱ्हात्यात."

कोंडीरामनं हात पुढं केला. आमटी घेतली, पातेलं घासून परत देतो म्हणाला. शालनबाई गेली तेव्हा तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती निघाली ती जवळजवळ पळतच.

अजिंक्य शिफ्टवरून आला तेव्हा बाप दारातच बसलेला.

"चारी गुरुवार?"

अजिंक्य समजला. त्यानं बॅग खाली ठेवली. "चारी. बाबा, सुट्टी बदलली, रजा शिल्लक नाही. मग काय करणार? आपलं माणूस गेलंच नसतं त्यापेक्षा हे बरं नाही का? काम अडलं का कुणाचं?"

"काम न्हाई अडलं."

"मग?"

"लेका, मी तुझ्या काकाला याच्यापायी तोडला."

"ते चुकलंच तुमचं," अजिंक्य म्हणाला आणि आत गेला. बापाला हे त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस कोंडीराम ओट्यावरून आपलं रोप बघत बसला. आठ आठवड्यांचं रोप, तजेलदार, पेन्सिलीएवढं जाड. या गुरुवारी लागलं तर लागलं. पुढं शेंडे पिवळे पडतात, मग कांदा धरत नाही. पाऊण एकराचा कांदा गेला म्हणून घर बुडणार नव्हतं. कोंडीरामला खात होती ती दुसरीच गोष्ट. गुरुवारी सकाळी आपल्या बांधावर कुणी नसेल, आणि ते बरोबरच असेल. त्याचाच नियम होता. एकोणीस वर्षं जो दुसऱ्याला लावला, तो आपल्यावर आला म्हणून वाकवायचा कसा? आणि नाही वाकवला, तर ज्या आठ घरांत त्याला आपलं म्हणून जागा होती, ती गेली. लेथवर तीस वर्षं कुणी त्याला कोंडीरामराव म्हटलं नाही; ते त्याला इथंच मिळालं होतं.

बुधवारी दुपारी तेजस्विनी आली. तिचा हिशेब लागत नव्हता.

"काका, तुमच्या वस्तीचं मला कोडं पडलंय. एक पाच नंबर सोडला तर सगळे जण मडक्यात भरपूर टाकतात. इतर ठिकाणी शिक्षा नसली की लोक हळूहळू हात आखडतात, असं पुष्कळदा दिसतं. इथं तसं नाही. आणि शिक्षा करायची सोय दिली, तर नऊ जणांत फक्त एका नंबरानं ती वापरली. बाकी आठांनी एकदाही नाही."

"तो नंबर माझा."

"मला सांगता येत नाही."

"मी सांगतोय की! बाकीच्यांनी का न्हाई जाळला?"

"शिक्षा करणाऱ्याचंही काहीतरी जातं. म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं करावी. अभ्यासात आम्ही त्यालाही एक प्रकारची कामचुकारीच म्हणतो. ज्याला वगळलंय त्याच्याशी जो गुपचूप संबंध ठेवतो, तोही त्यातलाच. तुमच्याकडं अशांचं काय करतात?"

"आमच्याकडं तसं कुनी न्हाई," कोंडीराम म्हणाला. हे त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की तिनं ते लिहून घेतलं.

ती गेल्यावर उन्हं कलली. हाळीची वेळ झाली, टळून गेली. कोंडीराम उठला नाही. थोड्या वेळानं हिंदुरावच आला. कोंडीरामच्या वयाचा, थुलथुलीत, सदा हसरा. आज मात्र हसत नव्हता.

"काठी मोडली का काय तुझी? हाळी कुठं हाय?"

"माझी इर्जिक बंद झाली, हिंदुराव. पोरानं मजूर धाडले. तुला ठावं हाय."

"हाय ठावं. सगळ्यास्नी हाय."

"मग कुनी बोललं का न्हाई?"

"बोलून काय करायचं व्हतं? तुजा पाय मोडला, वहिनी तळेगावला, पोराला रजा न्हाई. आमाला डोळं न्हाईत का?"

"बबनला न्हाई सोडलं आपन. मग मला कसं सोडायचं?"

हिंदुराव ओट्याच्या कडेला बसला. बराच वेळ पायातली चप्पल काढून तिच्यातला खडा शोधत राहिला. मग म्हणाला, "आपन न्हवं. तू."

"म्हंजी?"

"कोंडीराम, तुज्यानंतरचा गुरुवार. सहावा. त्या दिवशी वस्ती कुठं जाती?"

"ओव्हरटाइमला. सुट्टीच्या दिवशी डबल पगार देत्यात म्हनून."

"धा-बारा कंपन्यांना एकाच गुरुवारी, दर साली, ओव्हरटाइम लागतो व्हय रं?"

हे खरं होतं की दर वर्षी सहाव्या गुरुवारी सगळी वस्ती डबे घेऊन निघून जायची, आणि कोंडीराम ओट्यावर बसून म्हणायचा, गाड्या बऱ्या खपतायत म्हणायच्या. याबद्दल तो चाकणच्या बाजारातही बोलला होता.

"बबनकडं जातो आमी," हिंदुराव म्हणाला. "तू बंद केलंस त्याच्या दुसऱ्या साली अंबुवहिनी एकल्या वाफ्यात बसलेल्या शालननं बघितल्या. भाकरी तशीच ठिवून ती जाऊन बसली संगं. मग मी गेलो. मग सगळी. बबनबी काई फुकट घेत न्हाई. खुरपनीला तो आमच्याकडं येतो, तू नसशील तवा. ज्याच्या रानात चार मजूर आले त्यो मी, कोंडीराम. मला राग न्हवता. तुला व्हता."

"शकूला ठावं हाय?"

"सहाव्या गुरुवारी वहिनी कुठं जात्यात?"

लेकीकडे. दर साली, जुनं लुगडं नेसून. संध्याकाळी परत आली की नखांत चिखल असायचा, आणि जावयाच्या परसात भाजी लावली म्हणायची. जावई तिसऱ्या मजल्यावर राहतो.

कोंडीरामला प्रचंड राग आला. एवढी सगळी माणसं एवढी वर्षं आपल्याला बनवत होती, बायकोसुद्धा. हिंदुरावाला ओट्यावरून ढकलून द्यावं असं त्याला वाटलं, आणि पाय धड असता तर ढकललाही असता. मग राग उतरला, आणि उरलं ते फार वाईट होतं. बबनला वगळलं म्हणून तो पाहुण्यांना अभिमानानं सांगत होता, तो बबन नऊ घरांच्या जेवणात दर साली बसत होता. त्या पंगतीत नव्हता तो फक्त कोंडीराम. वगळला गेला होता तो एकटाच, आणि लोकांनी त्याला ते कळूही दिलं नव्हतं, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

"आन खेळात पाच नंबर?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मीच. म्हनलं बघू तरी, ह्यो किती चिंचोकं जाळतो." हिंदुराव आता हसला. मग उठला. "ऐक. रोप उद्या लागलं पायजे. पन तू हाळी दिल्याबिगर कुनी येनार न्हाई. तुज्या बापाची रीत हाय ती, ती आमी मोडत न्हाई. आन आता दारं आठ न्हाईत, नऊ हाईत, ते तुजं तू बघ. गाडीवर सोडू?"

"नगं."

हिंदुराव गेला. अजिंक्य आतून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "उद्या बिनपगारी रजा टाकलीय मी," एवढंच म्हणाला आणि काठी बापाच्या हातात दिली.

वस्तीतली दारं जवळ होती, बबनचं लांब. पण आज त्या जवळच्या दारांत तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि बबनच्या दारात त्याहून जास्त. जास्त लाजेचं काम आधी उरकावं, असं कोंडीरामनं ठरवलं आणि गोदामाच्या भिंतीकडे वळला. रस्ता पार बदलून गेला होता. डांबर आलं होतं, कंटेनर उभे होते, बाभळीची झाडं होती तिथं वजनकाटा झाला होता. दोनदा त्याला थांबून भिंतीला टेकावं लागलं.

बबनच्या ओट्यावर अंबुबाई मेथी निवडत बसली होती. कोंडीरामला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत हाक मारली. बबनराव बनियनवर बाहेर आला. केस पांढरे झाले होते, पाठ जरा वाकली होती. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. बसा म्हणायचं की नाही, हे अंबुबाईला कळेना.

"उद्या आमच्याकडं," कोंडीराम म्हणाला.

बबननं घाई केली नाही. ओट्याच्या खांबाला टेकला, भावाला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "मजूर धाडू, का सोता येऊ?"

अंबुबाईचा हात मेथीत थांबला. कोंडीरामच्या तोंडाशी सवयीनं काहीतरी तिखट आलं. त्यानं ते गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही, कारण एक हात काठीवर होता आणि दुसरा भिंतीवर.

"तू ये," तो म्हणाला. त्याचा तो दोन माणसांचा आवाज धड अर्ध्या माणसाचाही राहिला नव्हता. "एकोनीस वरसं मी आलो न्हाई, बबन. ना मजूर धाडला, ना सोता आलो. तरी तू ये."

बबन ओट्यावरून खाली उतरला, कोंडीरामच्या काखेत हात घातला आणि त्याला वर चढवून बसवलं.

"अंबे, चहा टाक," तो आत बघून म्हणाला. "हाळीवाला आलाय."